खरखर तारेंत कीं कानांत?

या सदरांत मीं आजवर बहुधा पाठांतर, शुद्धलेखन, मुलांचें वळण अशा विषयांवरच लिहिलें आहे. या खेपेचा विषय कचेरींतील टेलिफोनच्या खरखरीचा आहे, हें पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. जन्मभर खडू आणि अमरकोश हातीं धरलेल्या, इंग्रजी केवळ मॅट्रिकपुरतें शिकलेल्या माणसाचा या यंत्राशीं संबंध काय, असा प्रश्न आमच्या घरींही निघाला. संबंध इतकाच कीं, या खरखरीपायीं एका प्रामाणिक वृद्ध माणसाची चाकरी जाण्याची वेळ आली होती, आणि ती जावी असें मानणाऱ्यांत कांहीं काळ मीही होतों. ती चूक कशी ध्यानांत आली, आणि तिच्या निमित्तानें टेलिफोनच्या तारेसंबंधीं जें शिकावयास मिळालें तें कोणतें, हें येथें क्रमानें सांगतों.

नागपुरची गांधीबाग म्हणजे कापडाच्या घाऊक व्यापाराचें ठाणें. अरुंद गल्ल्या, दोहों बाजूंस पेढ्या, मधून हातगाड्या आणि गठ्ठे वाहणारे हमाल, असें तेथील नित्याचें दृश्य. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून पूर्वेकडे चालूं लागलें म्हणजे अग्रसेन चौक, मग चितार ओळ आणि त्यापुढें टेलिफोन एक्स्चेंज चौक लागतो. ११ डिसेंबर २०२२ रोजीं या रस्त्यावर मेट्रो सुरू झाली, तेव्हां तेथील स्थानकासही टेलिफोन एक्स्चेंज हेंच नांव मिळालें. ज्या यंत्राकडे आजचीं मुलें जुनी वस्तु म्हणून पाहतात, त्याची आठवण या भागानें अशी जपून ठेविली आहे.

या गांधीबागेंत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची पेढी आहे. सेवानिवृत्त झाल्यावर त्याच्या आग्रहावरून मी दुपारीं दोन तास तेथें जाऊन पत्रव्यवहार पाहूं लागलों. पेढीवर त्याच्या वडिलांच्या वेळचे एक दिवाणजी होते. वय सदुसष्ट, अंगांत पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, आणि अक्षर असें कीं वर्गांतील मुलांना कित्ता म्हणून दाखवावें. बाहेरगांवच्या मागण्या टेलिफोनवर ऐकून वहींत उतरून घेणें हें त्यांचें काम.

सन २०१८ च्या वैशाखांतील गोष्ट. लग्नसराई चालू होती. काटोलकडील एका जुन्या गिऱ्हाइकानें टेलिफोनवरून धोतरजोड्यांची मागणी केली. दिवाणजींनीं ती वहींत लिहिली, माल बांधला गेला, रवाना झाला. तिसऱ्या दिवशीं गिऱ्हाईक संतापून बोलतें झालें, कीं आम्हीं मागविले सात डझन आणि तुम्हीं पाठविले साठ डझन. माल ठेवावयास त्याच्या दुकानांत जागा नव्हती. जाण्यायेण्याचें भाडें पेढीच्या अंगावर पडलें, आणि हंगामांतील माल आठ दिवस अडकून राहिला तो निराळाच.

त्यापूर्वींच्या तीन आठवड्यांतही अशा दोन लहान चुका झाल्या होत्या. माझा विद्यार्थी मला बाजूस घेऊन म्हणाला, "गुरुजी, दिवाणजींचे कान गेले. त्यांना आतां घरीं बसवावें म्हणतों. तुम्ही सांगितलेंत तर त्यांना वाईट वाटणार नाहीं." दिवाणजींनीं "मीं दोनदां विचारलें होतें, मालक," एवढेंच उत्तर दिलें होतें, तें कोणीं मनावर घेतलें नव्हतें. मींही घेतलें नाहीं. साठीनंतर कान मंद होतात हें मला स्वतःवरूनच ठाऊक; तेव्हां हेंही तसेंच असेल, असें मीं धरून चाललों, आणि उद्यां त्यांच्याशीं बोलतों म्हणून कबूल करून घरीं आलों.

त्या रात्रीं जेवतांना मला शाळेंतील एक जुना प्रसंग आठवला. आमची एक वर्गखोली रस्त्याला लागून होती. श्रुतलेखनाच्या तासाला मागच्या बांकावरील एक मुलगा नेहमीं जोडाक्षरें चुकत असे. त्याला मीं आळशी ठरविलें आणि पुष्कळदां उभें केलें. पुढें एक दिवस मी स्वतः त्या बांकावर जाऊन बसलों, आणि दुसरे शिक्षक शब्द सांगूं लागले, तेव्हां कळलें कीं खिडकीखालून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजांत तेथें अर्धा शब्द ऐकूंच येत नाहीं. त्या मुलाची मीं क्षमा मागितली नाहीं, ही खंत आजही आहे. तेव्हां दिवाणजींशीं बोलण्याआधीं निदान त्यांच्या जागीं एकदां बसून पाहावें, असें मनांत आलें.

घरांत मीं ही हकीकत सांगितली. माझ्या धाकट्या बंधूंची नात तंत्रनिकेतनांत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. ती म्हणाली, "आजोबा, कान तपासण्याआधीं तार तपासायला नको का?" दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिला बरोबर घेऊनच मी पेढीवर गेलों.

मी दिवाणजींच्या जागीं बसलों आणि कानाला यंत्र लाविलें. खालीं एकसारखी गुणगुण, आणि तींत मधूनमधून तापल्या तेलांत मोहरी तडतडावी तशी खरखर. विद्यार्थी म्हणाला, "ही तर नेहमींचीच आहे. टेलिफोनचा माणूस दोनदां येऊन गेला, त्याला कांहीं सांपडलें नाहीं." तो माणूस कोणत्या वेळीं आला होता, असें नातीनें विचारलें. दोन्ही वेळां सकाळीं, पेढी उघडतांच.

येथें प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, एवढ्याशा खरखरीनें साताचे साठ कसे होतात. मनुष्याच्या बोलण्यांत दर सेकंदास शंभरांपासून कित्येक हजारांपर्यंत कंपनें असतात. परंतु टेलिफोनची तार त्यांपैकीं सुमारें ३०० पासून ३४०० पर्यंतचींच वाहून नेते. तेवढ्यानें बोलणें समजतें, माणूसही ओळखूं येतो. मात्र स्वर हे बलवान आणि दीर्घ असतात. व्यंजनांचा परस्परांतील भेद क्षणमात्र टिकणाऱ्या बारीक आवाजांत असतो. 'सात' आणि 'साठ' या दोन शब्दांत 'सा' सारखाच. भेद तो शेवटच्या व्यंजनाचा. एक दंत्य, दुसरें मूर्धन्य. एक अल्पप्राण, दुसरें महाप्राण. शिवाय मराठींत शेवटला अकार आपण उच्चारीत नाहीं. त्यामुळें तें व्यंजन शब्दाच्या टोंकाशीं उघडें पडतें. खरखरीचा एक कण नेमका त्या क्षणीं पडला कीं 'सा' तेवढा कानीं येतो, आणि उरलेलें मन आपल्या अनुमानानें पुरें करितें. लग्नसराईंत साठ डझन कोणासही अशक्य वाटत नाहींत.

आपल्या पूर्वजांस या धोक्याची पुरी जाणीव होती. त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. 'इंद्रशत्रु' या शब्दांतील उदात्त स्वर अंत्यस्थानीं यावयाचा तो आद्यस्थानीं आला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्राला मारणारा वृत्र निपजण्याऐवजीं इंद्राच्या हातून मरणारा वृत्र निपजला, ही कथा व्याकरण शिकणाऱ्या प्रत्येकास प्रारंभींच सांगतात. एका स्वरानें वृत्र मेला. आमच्या गांधीबागेंत एका व्यंजनानें त्रेपन्न डझन धोतरजोडे काटोलास जाऊन आले.

आतां टेलिफोनच्या तारेची रचना थोडक्यांत सांगतों. अलेक्झांडर ग्राहम बेल यास या यंत्राचें पेटंट १८७६ त मिळालें, आणि अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १८८२ त, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. आरंभीं पुष्कळ ठिकाणीं एकच तार असे आणि परतीचा मार्ग म्हणून पृथ्वीचा उपयोग करीत. पुढें शहरांत विजेचे दिवे व ट्रामगाड्या आल्या, तसा त्यांचा कोलाहल या एकट्या तारेंत शिरूं लागला. उपाय निघाला तो दोन तारांचा, आणि त्या दोन्ही एकमेकींभोंवतीं पिळून नेण्याचा. बाहेरचा उपद्रव दोहोंना सारखाच लागतो. ऐकण्याचें यंत्र दोहोंतील फरकच काय तो ऐकतें. सारख्यांतून सारखें वजा गेलें कीं बाकी शून्य. बेलनें या पिळाचें पेटंट १८८१ त घेतलें. वेणीच्या दोन पेडांसारखी ही युक्ति आजही चालू आहे.

या दोन तारांवर केंद्रांतून सुमारें ४८ व्होल्टांचा बॅटरीचा दाब असतो. बॅटरीचें धन टोंक जमिनीस जोडलेलें असतें आणि तारेवर ऋण दाब ठेवितात. कारण तसें केल्यानें ओल लागली तरी तांब्याची झीज कमी होते. यंत्र उचललें कीं मंडल पूर्ण होतें, वीज वाहूं लागते, आणि बोलण्याबरोबर तिचा ओघ कमीजास्त होतो. या ओघाच्या मार्गांत कोठेंही सांधा सैल असला, तारेवर हिरवा कळंक चढला असला, तर ओघ क्षणोक्षणीं तुटतो व जुळतो. ती तुटजोड म्हणजेच खरखर. तार बोलत नसते. तार अडखळत असते.

आवाजावरून दोषाची जात ओळखतां येते. थांबून थांबून होणारी खरखर वा कडकड ही सैल किंवा कळकलेल्या सांध्याची खूण. एकसारखी गुणगुण ही घरांतील विजेच्या तारेची; आपल्याकडील विजेचीं दर सेकंदास ५० आवर्तनें होतात, त्यांचा तो सूर. सूं-सूं असा वाऱ्यासारखा आवाज येत असेल आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल, तर यंत्राआधीं लावावयाची फिल्टरची डबी बसविली आहे कीं नाहीं तें पाहावें. दुसऱ्या कोणाचें बोलणें कानीं येत असेल, तर शेजारच्या जोडीशीं कोठें तरी आवरण फाटून संबंध आला आहे. क्वचित् आकाशवाणीचें गाणेंही ऐकूं येतें. कळकलेला सांधा हा जुन्या स्फटिक-रेडिओतील खड्यासारखें काम करूं लागतो, त्याचा हा परिणाम.

जात कळली तरी ठिकाण कळत नाहीं. त्यासाठीं न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकासारखें साधन नाहीं. जें असतां कार्य होतें आणि जें नसतां होत नाहीं, तें कारण. परंतु यांत पथ्य असें कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि खरखर थांबली, तर गुण कोणाचा हें ब्रह्मदेवालाही सांगतां यावयाचें नाहीं.

नातीनें पहिलाच प्रश्न विचारला, "खरखर केव्हां असते आणि केव्हां नसते?" विद्यार्थ्यानें उत्तर दिलें, "तसें कोण लिहून ठेवतो?" तेव्हां आतांपर्यंत गप्प बसलेले दिवाणजी उठले आणि मागण्यांची वही घेऊन आले. प्रत्येक मागणीच्या डावीकडील समासांत वेळ लिहिलेली होती, आणि कित्येकींच्या पुढें पेन्सिलीनें दोन बारीक शब्द होते: 'आवाज अस्पष्ट.' आम्हीं पानें उलटलीं. चैत्राच्या मध्यापूर्वीं हे शब्द एकदांही नव्हते. त्यानंतर ते बहुतेक दररोज होते. पण सकाळच्या मागण्यांपुढें कधींच नाहीं, नेहमीं बारा वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मध्येंच एका दुपारीं तीन मागण्या स्वच्छ होत्या. समासांत लिहिलें होतें, 'वीज बंद.' आणि काटोलच्या त्या मागणीपुढें होतें: 'दुपारीं ३. आवाज अस्पष्ट. दोनदां विचारलें.'

माझ्या विद्यार्थ्यानें तें वाचलें आणि वही मिटली. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. ही वही रोज त्याच्याच टेबलावरून जात होती. त्याची नजर आंकड्यांच्या स्तंभावर असे, समासाकडे कधीं गेली नव्हती.

चैत्राच्या मध्यास, भर दुपारीं, विजेवर चालणारें असें पेढींत काय सुरू होतें, हें नागपुरकरास सांगावयास नको. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर चढतो, आणि कूलरवांचून कोणतीही कचेरी चालत नाहीं. दिवाणजींच्या पाठीमागें खिडकींत पत्र्याचा मोठा कूलर होता. टेलिफोनची तार खिडकीच्या चौकटीवरून आंत येऊन कूलरच्या पत्र्याला लागून खालीं उतरली होती, आणि सुतळीनें कूलरच्याच विजेच्या तारेला बांधली होती. मागील दिवाळींत रंगकामाच्या वेळीं ती तुटली असतां कोणीं तरी टोंकें हातानें पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. दोष बाहेरचा नव्हता. पेढीनें स्वतःच घरांत करून ठेविला होता.

नातीनें कूलर बंद करविला. गुणगुण आणि खरखर दोन्ही गेलीं. पुन्हां सुरू करविला, दोन्ही आलीं. मग कूलर चालू ठेवून तार पत्र्यापासून अलग धरली. खरखर थांबली, गुणगुण राहिली. म्हणजे पत्र्याच्या थरथरीनें सैल सांधा हलत होता. नंतर सुतळी सोडून तार विजेच्या तारेपासून हातभर दूर नेली, गुणगुणही निवाली. शेवटीं चिकटपट्टी सोडली. आंतील तांबें कूलरच्या ओलाव्यानें हिरवें झालें होतें, आणि दोहोंपैकीं एकीचे तर दोनतीनच धागे लागून होते. दोन तारांपैकीं एकच अशी दुबळी झाल्यानें त्यांचा समतोल गेला होता. म्हणून सारख्यांतून सारखें वजा न जातां विजेची गुणगुण बाकी उरत होती. टोंकें छाटून, तांबें घासून, योग्य जोडणीनें सांधा पुन्हां केला, आणि तार भिंतीच्या दुसऱ्या अंगानें नेली. सकाळीं येणाऱ्या टेलिफोनच्या माणसाला दोष सांपडला नाहीं यांत त्याचा कांहीं अपराध नव्हता. सकाळीं तो दोष झोंपलेला असे.

ज्यांच्या कचेरींत वा घरीं अद्याप तांब्याची तार आहे, त्यांच्यासाठीं तपासणीचा क्रम असा:

प्रथम चार दिवस टिपण ठेवावें. वेळ, पाऊस कीं ऊन, कोणतें विजेचें यंत्र चालू होतें, आणि खरखर एका यंत्रावर कीं सर्वांवर. पावसांत वाढणारी खरखर बहुधा ओल शिरलेल्या सांध्याची असते. वाऱ्यानें वाढणारी, कोठें तरी झाडाच्या फांदीला घासणाऱ्या तारेची.

दुसरें, एकाच यंत्रावर असेल तर प्रथम कानाच्या दांड्यापासून यंत्रापर्यंतची वेटोळी दोरी हालवून पाहावी. रोज ताणली जाणारी वस्तु तीच. ती बदलणें सर्वांत सोपें.

तिसरें, सर्व यंत्रांवर असेल तर बाहेरची तार भिंतीवरील ज्या पहिल्या पेटींत येते, ज्यास लाइनमन रोझेट म्हणतात, तेथें एक चांगलें साधें यंत्र थेट लावावें. कचेरींतील छोटें एक्स्चेंज, फॅक्स, कार्डाचें यंत्र, ब्रॉडबँडची पेटी, सर्व कांहीं सोडून ठेवावें. यंत्र उचलून कोणताही एक आंकडा दाबावा, म्हणजे केंद्राचा घूं-घूं सूर थांबतो आणि शांततेंत खरखर नीट ऐकूं येते. तेथेंही ती असेल तर दोष बाहेरचा. तक्रार नोंदवावी, आणि तींत वेळही कळवावी. तेथें नसेल तर दोष आपल्या घरांतील. सोडलेलें एकेक जोडीत जावें, ज्याच्या जोडण्यानें खरखर परतेल तो अपराधी.

चौथें, सांधे हातानें पिळून पट्टी गुंडाळूं नये. ओल न शिरणाऱ्या जोडण्या अल्प मोलांत मिळतात. तार विजेच्या तारेस समांतर नेऊं नये. ओलांडणें भाग पडलें तर काटकोनांत ओलांडावी. घंटा वाजते तेव्हां तारेवर सुमारें ७५ व्होल्ट वा त्याहून अधिक दाब येतो, म्हणून ओल्या हातानें, आणि आकाशांत विजा चमकत असतां, तिला मुळींच शिवूं नये. खांबावरची पेटी उघडणें हें आपलें काम नव्हे.

आज पुष्कळ ठिकाणीं तांब्याच्या जागीं कांचतंतु आला आहे. त्यांतून प्रकाश जातो. त्यास विजेची गुणगुण लागत नाहीं, कळंकही चढत नाहीं. तथापि भिंतीवरील पेटीपासून टेबलावरील यंत्रापर्यंतची शेवटची तार बहुधा तांब्याचीच राहते, आणि खोड्या करावयास तिला तेवढी लांबी पुरे आहे.

तार कितीही चांगली असली तरी आंकडा एकदां ऐकून भागत नाहीं. वेद केवळ मुखानें टिकवावयाचे होते, म्हणून आपल्याकडे संहितेबरोबर पदपाठ आणि क्रमपाठ बसविले. क्रमांत प्रत्येक पद मागच्याशीं एकदां आणि पुढच्याशीं एकदां असें दोनदां येतें, त्यामुळें चूक दडून राहत नाहीं. पेढीवर त्याच धर्तीवर नियम झाला. मागणी ऐकणारानें आंकडा उलट म्हणून दाखवावयाचा, तोही निराळ्या रीतीनें: सात असेल तर 'सहाच्या पुढचे सात', साठ असेल तर 'सहावर शून्य, साठ'. समोरच्यानें 'होय' म्हटल्याशिवाय वहींत लिहावयाचें नाहीं. हा नियम दिवाणजींनींच सुचविला.

त्या दिवशीं संध्याकाळीं माझा विद्यार्थी उठून दिवाणजींच्या गादीपाशीं गेला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, "दिवाणजी, माझी चूक झाली. तुम्ही लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही." दिवाणजी म्हणाले, "मालक, तुमचं नुकसान झालं तें झालंच. मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं." इतकें बोलून ते दुसऱ्या दिवशींच्या हुंड्या पाहूं लागले. पुढें तीन वर्षें ते त्या गादीवर बसले आणि स्वतःच्या इच्छेनें निवृत्त झाले. मींही त्यांना त्याच संध्याकाळीं सांगितलें, कीं तुम्हांला घरीं बसा म्हणून सांगावयास मी येणार होतों. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि चहा मागविला.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून कोणी ना कोणी वडील माणूस टेलिफोनवर "काय म्हणालास? पुन्हां बोल" असें विचारीत असतें, आणि घरांतील तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हंसतात. कान मंद झाले असतील, नाहीं असें नाहीं. तसें असेल तर वैद्याकडे न्यावें. पण त्याआधीं तें यंत्र स्वतःच्या कानाला एकदां लावून पाहावें, त्यांच्याच जागीं बसून, त्यांच्याच वेळेला. या तपासणीला पैसा लागत नाहीं. आमच्या पेढीवर ती महिनाभर कोणीं केली नव्हती, आणि मी तर रोज त्याच खोलींत बसत होतों.